पाळण्यावरचा डोळा

ठकीच्या पाळण्यावर, भिंतीला एक पांढरा गोल कॅमेरा लावलेला होता, आणि तो कॅमेरा नाही असं घरात ठरलेलं होतं.

"हे खोलीचं तापमान बघतं, आई," ठकीच्या आईने सासूबाईंना पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. सासूबाईंनी मान वर करून त्या डबीकडे पाहिलं, "बरं बाई, बघू दे," म्हणाल्या आणि दुपट्यांच्या घड्या घालायला बसल्या. खोटं इतकं सहज पचलं की सांगणारीलाच ओशाळल्यासारखं झालं. पण करणार काय? बाळंतपणाची रजा संपली होती आणि बोळकं पसरून हसणारं पोर सासूबाईंच्या हवाली करून ऑफिस गाठायचं होतं. सासूबाईंवर विश्वास नव्हता असं मुळीच नाही. विश्वास होताच, फक्त तो अधूनमधून फोनवर बघून घेतला की बरं वाटायचं.

आणि बघावं तेव्हा सासूबाई नमुनेदार. केस चापूनचोपून विंचरलेले, आवाज मधात बुडवलेला. "आता आपण दूध पिणार आहोत हं. आजीने हात स्वच्छ धुतले आहेत." एरवी दाराच्या कडीशीही भांडणारी ही बाई पोरीशी भाषणाला उभं राहिल्यासारखी बोलायची. ठकीची आई विमा कंपनीत नुकसानभरपाईचे अर्ज तपासायची. लोकांच्या खरेपणावर शंका घ्यायचाच तिला पगार मिळायचा. पण घरच्या या नाटकाची तिला कधी शंका आली नाही.

मग एका सकाळी अ‍ॅपवर निरोप आला. काल संध्याकाळी कोणीतरी नव्याच फोनवरून कॅमेरा पाहिला होता. खाली वेळ होती आणि पाहणाऱ्याचा आयपी म्हणून आकड्यांची एक लांबलचक ओळ.

ठकीच्या आईने वेळ परत वाचली. ती वेळ तर तिची होती! घरी आल्यावर दार लावून ठकीला झोपवायची वेळ. त्या वेळात ती लेकीपाशी सगळं ओकून टाकायची. साहेब कसा बोलला, पायांचे कसे तुकडे पडलेत, आणि हो, सासूबाईसुद्धा. "तुझी आजी भांडी अशी आपटते ना गं, जसं काही त्यांनीच तिचं घोडं मारलंय." ठकी खुदकन हसायची. एवढं शहाणं, ऐकून घेणारं आणि कोणाला न सांगणारं माणूस घरात दुसरं नव्हतं.

नवऱ्याला यातलं कळतं, असं नवऱ्याचं म्हणणं होतं.

"हॅकर," तो गंभीरपणे म्हणाला.

"म्हणजे कोण?"

"कोणीही. जगाच्या पाठीवर कुठेही बसलेला."

"आणि तिथे बसून त्याला ठकीची शी-शू बघायचीय?"

"त्यांना काहीही चालतं गं."

हेल्पलाइनवरच्या मुलीने शांतपणे सांगितलं, आधी पासवर्ड बदला, आणि हवा असेल तर आयपी अ‍ॅड्रेसही बदलून घ्या. मोडेम बराच वेळ बंद ठेवून परत लावलात की तुमच्या लाइनला नवा नंबर मिळेल.

"पासवर्ड राहू दे," फोन ठेवून नवरा म्हणाला. "ठकीठकी. सगळ्यांच्या तोंडात बसलाय. नवा ठेवला तर मीच विसरीन. आपण आयपी बदलू. घराला दारावर नंबर असतो ना, तसाच तो नेटच्या लाइनला. तो बदलला की चोर बसेल जुन्या दारावर टकटक करत!"

तिला पटलं. भीती वाटत असली की ठासून बोललेलं काहीही पटतं.

रविवारी जेवणं झाल्यावर त्याने समारंभाने मोडेम बंद केला. सासूबाई लगेच बाहेर आल्या.

"दिवे का गेले त्याचे?"

"आयपी बदलतोय, आई. सुरक्षेसाठी. कोणीतरी आपल्या घरात बघतंय."

सासूबाईंच्या हातातलं फडकं थांबलं. "कोण बघतंय?"

"तेच तर कळत नाही ना."

"मग बदला रे बाबा," त्या म्हणाल्या. "बदललेलं बरं."

आणि मग दुपारभर येताजाता विचारत राहिल्या, "आलं का नेट?" वाढदिवसाला नवा फोन घेऊन दिल्यापासून आईला व्हिडिओंचं वेड लागलंय, असं नवऱ्याचं निदान होतं. बाकी त्या हल्ली फारच शांत झाल्या होत्या. स्वयंपाकघरातून हूं की चूं नाही. तब्येत बरी नसावी.

संध्याकाळी मोडेम लुकलुकला. नवरा लॉटरी लागल्यासारखा नवा नंबर घेऊन नाचत आला. ठकीचं वजन डोक्यात बसावं तसे ते आकडे तिच्या डोक्यात बसले. तो फिरायला निघून गेला, आणि तिने खोलीचं दार लावलं. किती दिवसांनी मोकळं मोकळं वाटलं! "आता आपल्याला कोणी बघत नाही हं, ठके. आणि आजी थोडे दिवस आत्याकडे गेली ना, तर दारसुद्धा लावायला नको. आपण दोघीच. मज्जा!"

दुसऱ्या दिवशी ऑफिसात अ‍ॅप उघडलं तर निरोप हजर. काल संध्याकाळी, तीच वेळ, तोच फोन. पण खालचे आकडे वेगळे.

चोरानेही नंबर बदलला की काय! तिने आकडे वाचले. परत वाचले. एखाद्याने टीव्ही चोरीला गेला म्हणून अर्ज करावा आणि टीव्ही त्याच्याच माळ्यावर सापडावा, तसं झालं. चोराने नवा नंबर घेतला होता, आणि नेमका त्यांच्याच घराचा घेतला होता. जगाच्या पाठीवरचा माणूस जगाच्या पाठीवर नव्हताच. काल संध्याकाळी घरातूनच कोणीतरी पाहिलं होतं. नवरा बाहेर होता. ठकीला अजून बोटं नीट मुडपता येत नव्हती.

घोडं मारल्याचं बोलणं झालं, आणि त्यानंतर भांडी वाजणं थांबलं होतं. पायांचं बोलणं झालं, आणि दुसऱ्या दिवसापासून न्हाणीघरात गरम पाण्याची बादली भरलेली असायची. तिला वाटायचं, नवरा सुधारला.

आणि काल? काल काय बोललो आपण?

तिने घाईघाईने कॅमेरा लावला. ठकी पाळण्यात पाय नाचवत होती. शेजारी पलंगावर सासूबाईंची बॅग उघडी पडलेली, आणि सासूबाई कपडे भरत होत्या. आज केसही विंचरलेले नव्हते.

फोन करावा तर काय म्हणून करावा? तुम्ही बॅग भरताय हे मला कसं कळलं? ती उठून जिन्यात गेली. अ‍ॅपवर एक छोटं बटण होतं, बोलायचं. ते तिने कधी दाबलं नव्हतं. तापमान बघणारी डबी बोलणार कशी? तिने दाबलं.

"आई, जाऊ नका."

सासूबाई दचकल्या नाहीत. सावकाश मान वर करून त्यांनी डबीकडे पाहिलं. "तापमान बोलतंसुद्धा वाटतं."

"आई, मी ते... मला तसं म्हणायचं नव्हतं."

"म्हणायचंच होतं तुला. दमलेलं माणूस बोलतं. मीही माझ्या सासूबद्दल लेकापाशी बोलायचे. फक्त तेव्हा भिंतीवर काही लावलेलं नव्हतं." त्यांनी एका लुगड्याची उगीच परत घडी घातली. "मला काही तुझं बोलणं ऐकायचं नव्हतं गं. तू दार लावतेस. दिवसभर मी हिला खेळवते, पण झोपताना कशी दिसते ते मला दिसतच नाही. म्हणून ते अ‍ॅप घातलं माझ्या फोनमध्ये. तुमचा तो पासवर्ड काय, तोंडातून आपोआप बाहेर पडतो."

जिन्यातून जाणाऱ्या शिपायाने फोनशी बोलत रडणारी बाई पाहिली आणि तो पटकन पुढे गेला.

"आजपासून दार उघडंच राहील," ती म्हणाली. "तुम्ही येऊन बसायचं पाळण्याशी."

"आणि तुझं बोलणं?"

"तुमच्यासमोर बोलीन."

सासूबाईंनी बॅगेकडे पाहिलं, मग ठकीकडे. "आधी डबा संपव," त्या डबीला म्हणाल्या, आणि बॅगेतलं पहिलं लुगडं बाहेर काढून पलंगावर टाकलं.

संध्याकाळी नवऱ्याने अ‍ॅप चाळून छाती फुगवली. "बघ, आज कोणीच डोकावलेलं नाही. म्हटलं नव्हतं, आयपी बदलला की संपलं?"

"तुझंच डोकं म्हणून," ती म्हणाली.

आणि स्वयंपाकघरात, कितीतरी दिवसांनी, एक पातेलं दणकन आपटलं.