डाव्या हाताची काठी

मार्गशीर्षातल्या सकाळी मेहरूणच्या तळ्यावरचं धुकं विरळ होऊ लागे, तेव्हा काठावरच्या मैदानातून एक कोरडा, टणक आवाज येई आणि पाण्याकडेचे बगळे एकदम उठत. तो आवाज द्वारकाअक्काच्या काठीचा. आम्ही बाकीच्या दहाजणी मारायचो तेव्हा चेंडूचा नुसता ठोका पडे. तिने मारला की वाळलेलं लाकूड फुटावं तसा नाद निघे आणि चेंडू दवावर काळी रेघ ओढत निघून जाई.

मुलांनो, आजी खरंच हॉकी खेळायची का, असं तुम्ही पत्रातून विचारलंत. खेळायची. पण माझ्या खेळाविषयी सांगण्यासारखं थोडंच आहे. जे आहे ते तिच्याविषयी आहे.

ती धुळ्याकडची, पांझरेकाठच्या गावातली. जळगावला मामांकडे शिकायला आली तीच उशिरा, त्यामुळे वर्गात आमच्याहून दोन वर्षांनी मोठी आणि म्हणून सगळ्यांची अक्का. नऊवारीचा काष्टा घट्ट खोचून ती मैदानात उतरली की ताठ अशी दिसतच नसे. कंबरेतून वाकलेली, नजर जमिनीला खिळलेली, हात सैल. वेचणीच्या दिवसांत कापसाच्या ओळीतून सरकणारी बाई जशी दिसते तशीच ती दिसे, फक्त वाऱ्यासारखी धावत असे. डॉक्टरांची कुसुम एकदा तिला चिडवायला म्हणाली, "अक्का, तू हॉकी खेळतेस की कापूस वेचतेस?"

"कापूसच येचस," अक्का मान वर न करता म्हणाली. "तू बांधवर बठ आनि बोंडं मोज."

तिचा हात डावा होता. सुट्टीत तिने शाळेची एक काठी गावी नेली आणि सुतारनानांना तशीच दुसरी करून मागितली. नानांनी काठी पाहिली, मग तिचा हात पाहिला. डावखुऱ्या बाईचा विळा वेगळा घडवतात, दाते दुसऱ्या बाजूला काढतात, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. "तुना इळा डावा, तं काठी उजवी कशी व्हई, पोरी?" असं म्हणून त्यांनी बाभळीची काठी तासून दिली; आरशात दिसावी तशी, उलटी. सपाट बाजू उजवीकडे, गोल बाजू डावीकडे. ती काठी तिच्या हातात आली आणि जणू हाताचंच एक पेर वाढलं.

पुढे शाळेत खेळाच्या नियमांचं इंग्रजी पुस्तक आलं. मोठ्या बाईंनी ते मराठीत वाचून दाखवायचं काम माझ्याकडे दिलं, कारण वर्गात इंग्रजी माझं बरं होतं. ओसरीवर सगळ्या बसल्या होत्या. माझ्यासमोर अक्का शेंगदाण्याचं तेल लावून काठी चोळत होती, आणि हिवाळ्याचं तिरपं ऊन त्या लाकडावर मधासारखं चढत होतं. एका ओळीशी मी आले. काठीची सपाट बाजू डावीकडेच असावी, उलट्या काठीला परवानगी नाही. पुढच्याच आठवड्यात धुळ्याच्या मुलींशी सामना होता. मी ती ओळ सोडून पुढचं वाचलं. तेव्हा मी स्वतःला सांगितलं, हे शाळेसाठी. आज वाटतं, तिला तशी खेळताना पाहणं थांबू नये, एवढंच मला हवं होतं.

आमच्या सामन्यांच्या पंचबाईंना मी वाचून दाखवलं त्याहून अधिक ठाऊक नव्हतं. दोन हिवाळे कुणी काही बोललं नाही.

मग, दुसरं महायुद्ध सुरू होण्याआधीच्या वर्षी, बातमी आली. मुंबईला निरनिराळ्या देशांच्या बायकांचे हॉकीचे सामने व्हायचे होते आणि आपल्या संघासाठी या भागातल्या मुली भुसावळला, रेल्वेच्या मैदानावर पारखल्या जाणार होत्या. अक्काचे वडील तिचं लग्न ठरवून बसले होते. मामांनी त्यांची कशीबशी समजूत घातली: पोरगी निवडली गेली तर लग्न वर्षभर पुढे, मॅट्रिक होऊ द्यायची, नाही तर आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आत अक्षता. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे त्या सकाळी गाडीत कुणी गाणं म्हटलं नाही.

मैदानावर पंच असलेल्या गोऱ्या बाईंनी काठ्या तपासल्या. अक्काची काठी हातात घेऊन तिच्यावरून अंगठा फिरवला, हसल्या, कौतुकानेच हसल्या, आणि इंग्रजीत काही बोलल्या.

"काय म्हनस ती?" अक्काने मला विचारलं.

"काठी उलटी आहे म्हणतात. दुसरी घ्यावी लागेल."

तिने काठी कुंपणाशी नीट उभी करून ठेवली आणि शाळेची घेतली. तिची पावलं अजून वेळेवर पोचत होती, नजरही पोचत होती. फक्त चेंडू तिचा राहिला नव्हता. दोनदा तिने सवयीने गोल बाजूने मारलं, दोनदा शिट्टी झाली. तिसऱ्यांदा चेंडू आला तेव्हा तिने मारलाच नाही. काठी आडवी धरून त्याला हलकेच थांबवलं आणि माझ्या वाटेत सोडला. मी तो मारला आणि गोल माझ्या नावावर लागला. आमच्या शाळेतून एकच मुलगी निवडली गेली, ती मी.

परतीच्या गाडीत बाहेर केळीच्या बागांवर संध्याकाळ उतरत होती. मी म्हणाले, "अक्का, नियम मला ठाऊक होता. पुस्तकात होता. मी वाचला नाही."

ती खिडकीबाहेर पाहत होती. तशीच म्हणाली, "तू तव्हयच सांगी देती तं मी तव्हयच घर निंघी जाती. दोन हिवाये तं भेटनात माले." दोन हिवाळे तरी मिळाले, एवढंच म्हणून माझ्या खांद्यावरून सुटलेला पदर तिने सारखा केला.

आखाजीच्या आत तिचं लग्न झालं. चौथ्या बाळंतपणात ती गेली, तेव्हा ती तिशीचीही नव्हती. त्या दिवशी ती खरं बोलली, की मला हलकं करण्यासाठी बोलली, हे मी तिला नंतर विचारू शकले असते. दर वर्षी वाटे, पुढच्या भेटीत विचारू. माझं वय वाढत गेलं आणि ती तिथेच, खिडकीशी, तेवढीच राहिली. आता ती माझ्या नातीच्या वयाची आहे, आणि अजूनही मला तिला अक्काच म्हणावंसं वाटतं.