पाय घसरला

जावयाच्या हातावर मी गरम इस्त्री दाबली, त्या दिवशी माझी नात सात वर्षांची होती.

शर्ट त्याचाच होता. धुलाईच्या दुकानात माझी हयात गेली, त्यामुळे लेकीकडे चार दिवस राहायला आले तरी हात स्वस्थ बसत नसत. कशावरून बिनसलं ते आठवत नाही. त्याला कारण लागायचंच असं नाही. त्यानं माझ्यादेखत लेकीचे केस मुठीत धरले आणि तिचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं. मग पुन्हा आपटलं. चौकटीला रक्त लागलं तेव्हा म्हणाला, "बघ, रंग खराब केलास." तेवढी लहान खोली, सगळंच हाताच्या अंतरावर. त्याचा दुसरा पंजा माझ्या टेबलावर टेकलेला होता. मी त्यावर इस्त्री ठेवली आणि अंगाचा सगळा भार दिला. कातडी कापडासारखीच आधी चिकटते, मग सुटते. तो गुरासारखा ओरडला.

नात टेबलाखाली होती. तिला ओढायला मी हात पुढे केला, तर तिनं डावं कोपर झटकन कानापर्यंत उचललं आणि हनुवटी छातीत खुपसली. हात आजीचा आहे हे तिला दिसत होतं. तरी कोपर उठलंच. तिघी अनवाणी रस्त्यावर आलो. शेजारीण गॅलरीत उभी होती. लेकीच्या कपाळावरून रक्त ओघळत होतं आणि ती शेजारणीला सांगत होती, "काही नाही हो, पाय घसरला."

त्या घरात सगळ्यांचा पाय कायम घसरायचा. फरशी पुसायला बाई ठेवली होती की तेल ओतायला, असं मी एकदा लेकीला विचारलं होतं. ती हसली होती, ओठ फुटलेला असताना.

लेक पुढे परगावी नोकरीला लागली आणि नात माझ्याकडे वाढली. एका जागी ठरत नसे म्हणून तिला मी भिंगरी म्हणायचे, अजून म्हणते. ते कोपरही तिच्याबरोबर राहायला आलं. तिच्या जवळून कोणी पटकन हात वर केला की ते उठायचं, आणि लगेच ती केस सारखे केल्याचं दाखवायची. शाळेत मुलींना वाटायचं, केसांचं फार वेड आहे हिला. आमच्या स्वयंपाकघरात प्लगची जागा एकच, फळीच्या खाली, म्हणून तिचा कॉम्प्युटर तिथे. चहाचा डबा वरच्या फळीवर असायचा. तो घ्यायचा तर तिच्या डोक्यावरून हात न्यावा लागे. एक दिवस मी डबा गुपचूप ओट्याखाली ठेवला. त्यावर आम्ही दोघी कधी बोललो नाही.

विद्यापीठात तिनं जो विषय घेतला त्याचं नाव सर्जनशील तंत्रज्ञान. मी म्हटलं, "दोन्ही शब्द कळतात गं, पण जोडी कशी जमली ते कळत नाही." ती म्हणाली, "आजी, चित्र काढायचं, पण पेन्सिलऐवजी यंत्रानं." तिसरं वर्ष पूर्ण एखाद्या कंपनीत काम करायचं, ते वर्ष पार पडलं तरच पदवी. तिला व्हिडिओ गेम बनवणाऱ्या स्टुडिओत जागा मिळाली तेव्हा तिनं मला उचलून गोल फिरवलं होतं. माझी चप्पल उडून सिंकमध्ये पडली.

काम असं होतं. माणसाला काळा घट्ट पोशाख घालायचा, त्यावर सांध्यासांध्याला पांढरे गोळे चिकटवायचे. भिंतींवरचे कॅमेरे फक्त ते गोळे बघतात. पडद्यावर काड्यांचा माणूस हलतो, आणि त्या काड्यांवर नंतर कातडी, कपडे, दाढी काय हवं ते चढवतात. भिंगरीनं काड्या नीट करायच्या. पण एकदा मार खाणारी नटी आलीच नाही आणि हिला पोशाख चढवला. मारणारा धिप्पाड, पूर्वी बॉक्सिंग करायचा. सगळे त्याला पैलवान म्हणत. त्याची मूठ चेहऱ्यापासून वीतभर लांब थांबली, आणि हिचं कोपर उठलं.

दिग्दर्शक खुर्चीतून उभाच राहिला म्हणे. "हे कुठून आणलंस? शंभर नंबरी आहे."

"मग तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, घरचं आहे."

तेव्हापासून त्या गेममध्ये ज्या ज्या बाईला मार बसायचा, ती भिंगरीच. संध्याकाळी येऊन सांगायची, आज मला जिन्यावरून ढकललं, आज लोखंडी कांबीनं मारलं, आज गळा दाबून मारून टाकलं. मी म्हणायचे, "मार खायला विद्यापीठात जावं लागतं होय? आमच्या वेळी घरबसल्या मिळायचा." ती पोट धरून हसायची.

आणि एक गोष्ट झाली, जी मी कोणाला बोलले नाही, दृष्ट लागेल म्हणून. मूठ येते आणि थांबते, मूठ येते आणि थांबते, हे दिवसभर पाहून पाहून तिच्या हाडांना ते पटलं असावं. एका संध्याकाळी ती कॉम्प्युटरवर होती आणि मी तिच्या डोक्यावरून हात नेऊन खिडकी लावली. कोपर उठलं नाही. तिच्या लक्षातही आलं नाही. मी तशीच उभी राहिले, खिडकीची कडी हातात धरून. दुसऱ्या दिवशी चहाचा डबा पुन्हा वरच्या फळीवर गेला.

त्यानंतर किती चहा प्यायला आम्ही. मी मुद्दाम करायचे.

मग एका सकाळी डब्याकडे हात नेला आणि तिचं कोपर इतक्या जोरात उठलं की डबा पडून सगळीकडे चहापत्ती झाली. यावेळी केससुद्धा सारखे केले नाहीत तिनं. खाली वाकून पत्ती भरायला लागली आणि वाकताना श्वास अडकला. मी तिचा शर्ट वर केला. डाव्या बरगड्यांवर जांभळा डाग, कडेनं पिवळा. त्याच्याखाली आणखी एक, जुना.

"हे काय?"

"काही नाही गं. पाय घसरला."

मी तिचा शर्ट सोडला. आपण काय बोललो ते तिलाही ऐकू आलं होतं.

मग सांगितलं. भीती गेली तसा दिग्दर्शक कुरकुरायला लागला. खोटं वाटतंय, म्हणाला, ते पहिलं कोपर आण. तिनं आणायचा प्रयत्न केला, पण ठरवून ते येईना. मग त्यानं पैलवानाला बाजूला घेतलं. त्या दिवसापासून मधूनच एखादी मूठ थांबत नाही. कुठली ते आधी सांगायचं नाही.

"सोड ते काम."

"विद्यापीठाला माझा अहवाल तोच लिहिणार आजी. वर्ष जाईल."

"वर्ष गेलं तर येईल परत."

"तू ये एकदा आणि बघ. उगाच मनात काहीबाही रंगवतेस."

म्हणून मी गेले. मोठी, बिनखिडक्यांची खोली, जमिनीवर पिवळ्या पट्टीनं आखलेला चौकोन. पैलवानानं स्वतः माझ्यासाठी खुर्ची आणली, पाणी आणलं. "आजी, पट्टीच्या आत नका येऊ, लागेल तुम्हाला." आवाज मऊ. माझ्याकडे बघत मात्र नव्हता. मी विचारलं, "तुला मुलगी आहे का रे?" तो म्हणाला, "दोन आहेत. मला सांगतात तेवढं करतो, आजी."

काम सुरू झालं. मूठ थांबली. मूठ थांबली. तिसरी पोटात बसली. असा आवाज मी चौदा वर्षांत ऐकला नव्हता, आणि ओल्या चादरीचा पिळा दगडावर बसावा तसा तो लगेच ओळखीचा वाटला. भिंगरी गुडघ्यावर आली, तोंडातून लाळ लोंबली. पडद्यावर काड्यांची बाईही गुडघ्यावर आली. दिग्दर्शक पडद्याकडेच बघत होता, तिच्याकडे नाही. "अगदी जवळ आलो आपण," तो म्हणाला. "पुन्हा."

मी उठले. माझ्या हातात या वेळी काहीच नव्हतं. पण पट्टी ओलांडायच्या आत पैलवानाची मूठ सुटली होती, आणि ती थांबणारी नव्हती हे त्याच्या खांद्यावरून मला दिसलं. भिंगरीचं कोपर उठलं, कानापर्यंत, नेहमीसारखं. हनुवटी छातीत गेली. आणि मग ती मागे जाण्याऐवजी पुढे गेली. उठलेलं कोपर तसंच घेऊन, सगळं अंग त्याच्यामागे लावून, त्याच्या तोंडावर. नाक मोडल्याचा आवाज झाला. तो मागे कोसळला तेव्हा ती त्याच्या छातीवर बसली आणि आणखी दोनदा कोपर घातलं. पांढरे गोळे लाल झाले. एक सुटून घरंगळत माझ्या पायाशी आला.

दिग्दर्शकानं कॉम्प्युटरवरच्या माणसाला विचारलं, "रेकॉर्ड झालं?"

"हो."

"सुंदर. हे ठेवायचं. असंच पुन्हा एकदा देशील?"

ती पैलवानावरून उतरली. श्वास घेत म्हणाली, "देते की. त्याच्या जागी तुम्ही या."

तो हसला, पण खुर्चीतून हलला नाही. तिनं त्याच्याकडे बघत एकेक गोळा उपटला आणि त्याच्या टेबलावर ठेवला.

संध्याकाळपर्यंत त्यानं विद्यापीठाला कळवलं, की विद्यार्थिनीनं सहकाऱ्यावर हल्ला केला. तिथल्या तिच्या बाईंनी सगळ्यांना बोलावलं. मी बाहेर बाकावर बसले, दार अर्धं उघडं होतं. पैलवान नाकाला भलीमोठी पट्टी लावून आला होता. त्याला विचारलं तेव्हा तो गेंगाणं बोलला, "तिची चूक नाही. माझाच पाय घसरला."

बाईंनी सुटकेचा श्वास टाकलेला मला बाहेर ऐकू आला. तेवढ्यावर मिटलं असतं. उरलेले महिने गेले असते, अहवाल आला असता, पदवी मिळाली असती. मी मनात म्हटलं, गप्प बस पोरी. खरंच म्हटलं.

"नाही घसरला," भिंगरी म्हणाली. "मी मारलं. त्याआधी यांनी मला मारलं, आणि यांना मारायला दिग्दर्शकांनी सांगितलं. आमच्याकडे पाय घसरून पुरे झाले."

वर्ष वाया गेलं. भांडणाऱ्या विद्यार्थिनीला ठेवून घ्यायला दुसरी जागा पटकन मिळेना. आता पुढच्या वर्षी ती पुन्हा तिसऱ्या वर्षाला. स्टुडिओचं काय करायचं ते विद्यापीठ अजून ठरवतंय. ठरवू दे. पैलवानानं मात्र, जे खरं ते सहीनिशी लिहून दिलं.

बाईंकडून घरी आलो त्या दिवशी मी आल्याआल्या डबा ओट्याखाली ठेवला. ती पाहत होती. तिनं तो काढला आणि वरच्या फळीवर नेऊन ठेवला, मग कॉम्प्युटर उघडून त्याच्याखाली बसली.

"घे," म्हणाली. "चहा कर."

मी हात नेला. कोपर उठलं. अगदी कानापर्यंत.

"उठू दे," ती म्हणाली. "डबा तिथेच राहील."