अकराचे ठोके

पेंटहाउस सातव्या मजल्यावर होतं आणि त्यात नाव ठेवायला जागा एकच होती, समोरचा घड्याळाचा मनोरा. जुन्या वस्तीतल्या दगडी गोदामावर बिल्डरने हे काचेचं घर चढवलं होतं. चारी बाजूंनी गच्ची, संगमरवरी ओटा, आणि न्हाणीघर एवढं ऐसपैस की त्यात एखाद्याचा संसार मावावा. पण मनोऱ्यातली घंटा दर पाव तासाला वाजायची आणि बैठकीच्या काचा थरथरायच्या. आजवरची सहा गिऱ्हाइकं ती ऐकून आल्या पावली परत गेली होती.

हे घर विकायची जबाबदारी जिच्यावर होती, तिचेच वडील त्या मनोऱ्याचे घड्याळजी. चौतीस वर्षं तेच घड्याळाला किल्ली देत होते. नशिबाने अशी थट्टा केली की हसावं की रडावं तेच कळत नाही. साहेबांनी बजावलं होतं, या आठवड्यात घर गेलं नाही तर नोकरी गेली.

मंगळवारी जेवताना तिने विषय काढला. "ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू, बाबा? उद्या साडेदहाला एक डॉक्टरीणबाई घर बघायला येतायत. रात्रपाळी करतात, दिवसा झोपतात. तासभर घंटा बंद ठेवा."

"आणि लोकांना काय वाटेल?"

"लोक कुठे ऐकतात हो? ज्याच्या त्याच्या खिशात मोबाइल आहे."

"जमणार नाही," म्हणून त्यांनी ताटात मान घातली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी दारातच विचारलं, "इथे शांतता असते ना?"

"अगदी," ती म्हणाली, आणि मनात देवाची माफी मागून मोकळी झाली.

पावणेअकरा झाले. घंटा वाजली नाही. तिचा जीव भांड्यात पडला. म्हातारा विरघळला म्हणायचा! तिने उत्साहाने कपाटं उघडून दाखवली. बाईंनी झोपायच्या खोलीत गादीवर आडवं होऊनसुद्धा पाहिलं. अकरालाही सगळं सामसूम.

"घ्यावं म्हणते," बाई म्हणाल्या.

तेवढ्यात तिचं लक्ष खाली गेलं. बेकरीवाला पिठाच्या हातांनी रस्त्यावर येऊन वर बघत होता. मग शिंपी आला. औषधाच्या दुकानातली ताई दुकान उघडं टाकून मनोऱ्याकडे पळत सुटली, तिच्यामागे आणखी चारपाच जण. घंटा थांबली म्हणजे घड्याळजी गेले, असाच अर्थ सगळ्यांनी काढला होता.

आणि बाबांनी तर होकार दिलाच नव्हता. हे तिला आत्ता आठवलं. "आलेच," म्हणून तिने किल्ल्या डॉक्टरीणबाईंच्या हातात कोंबल्या आणि धावली.

मनोऱ्याच्या एकशे बारा पायऱ्या ती कशी चढली, तिचं तिला माहीत. वर बाबा स्टुलावर धडधाकट बसलेले होते. घंटेचा हातोडा त्यांच्या मफलरने आवळून बांधलेला होता. त्यांना बघून तिला रडूही आलं आणि रागही. बेकरीवाला तर पायरीवरच बसला.

"काका, आम्हाला वाटलं तुम्ही गेलात!" तो डोळे पुसत म्हणाला. चेहराभर पीठ लागलं.

घड्याळजींनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं. एवढी माणसं आपली घंटा ऐकतात, हे त्यांना नवीनच होतं. "तेल घालायला हातोडा बांधला होता. सोडायचा विसरलो," ते म्हणाले. "वय झालं."

औषधवाली ताई मनोऱ्याच्या कमिटीवर होती. ती चाचरत म्हणाली, "काका, वाईट वाटून घेऊ नका. पण विसरायला लागलात, तर आता दुसरा माणूस बघायला हवा."

"बघा," ते म्हणाले.

आता मात्र लेकीला राहवेना. "काही विसरले नाहीत ते! मी सांगितलं होतं बांधायला. ते घर विकायचं होतं म्हणून. चूक माझी आहे."

बाबा मफलरची गाठ सोडत होते. त्यांनी मान वर केली नाही. "लेकच ती. बापाची लाज झाकणारच."

शिंप्याने तिच्या पाठीवरून हात फिरवला. "पोरगी असावी तर अशी," तो म्हणाला. ती पुन्हापुन्हा सांगत राहिली, पण चौतीस वर्षांत घड्याळजींना खोटं बोलताना कुणी ऐकलं नव्हतं, त्यामुळे सगळ्यांनी त्यांचंच खरं मानलं.