गडावरचं जावळ

रुद्रच्या डोक्यावर केस म्हणावेत असे केस नव्हतेच. नुसती कोवळी, विरळ लव. केमो संपल्यावर ती उगवली आणि मला पहिल्यांदा वाटलं, माझं पोर वाचलं. नेमकी तीच लव माझ्या सासूबाईंना, चतुराबाईंना, वस्तऱ्याखाली द्यायची होती.

त्यांचा नवस जुना. नातू झाला तर पायथ्याच्या नांदुरीपासून पायी सप्तशृंगीचा गड चढायचा आणि त्याचं जावळ देवीपाशी काढायचं. जावळाला बाळ मामाच्या मांडीवर लागतं. आमचा मामा, म्हणजे माझा भाऊ सार्थक, सैन्यात. त्याला रजा मिळता मिळेना. वाट बघता बघता रुद्रचे केस खांद्यावर आले. आमच्या गंगापूर रोडवर सगळे त्याला मुलगीच समजायचे. मग रक्ताचा कॅन्सर निघाला आणि ते सगळे केस दवाखान्यातल्या उशीवर गळाले. सासूबाईंनी ते वेचून रुमालात बांधून ठेवले.

"देवीचं देवीला दिलं नाय, म्हणून हे झालं," असं त्या गावाकडून, देवळ्याहून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगायच्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

या चैत्रात सार्थकला रजा मिळाली आणि आम्ही गड चढायला लागलो. रुद्र मामाच्या खांद्यावर. माझा नवरा दिनेश आम्हा दोघींच्या कात्रीत सापडायला नको म्हणून पार पुढे. सासूबाई गुडघ्यावर हात टेकत, धापा टाकत चढत होत्या. गाडीचं नाव काढू देत नव्हत्या. मला त्यांची कीवही येत होती आणि रागही.

"आई, रुमालातले केस वाहू," मी म्हणाले. "डोक्यावरच्यांना हात लावू देणार नाही."

"गळालेले काय वाहायचे? जावळ वस्तऱ्यानं निघतं, बाई. परत येतील की केस."

"आणि नाही आले तर?"

त्या थांबल्या. "गडावर असं बोलू नाय गं."

वर न्हाव्यानं पाट मांडला. मी नको म्हणत होते तरी सासूबाईंच्या शब्दाखातर सार्थकनं रुद्रला मांडीवर घेतलं. डोक्याला पाणी लागलं तसा रुद्र अंग चोरून आजीकडे बघायला लागला.

"आज्जी, मी बरा झालो ना? मग परत टक्कल कशाला?"

सासूबाईंच्या हातातला रुमाल आवळला गेला. "राहू दे रे बाबा," त्या न्हाव्याला म्हणाल्या. "थोडेसे काप, बास."

त्यांनी पदर पुढे केला. त्यात चिमूटभर लव पडली. ती आणि रुमालातले केस वाहून त्या देवीपुढे कितीतरी वेळ नाक घासत राहिल्या. रिकामा रुमाल घडी करून पिशवीत ठेवला. गड उतरताना मी जिंकल्यासारखी चालत होते.

पावसाळा सरता सरता आजार उलटला. पुन्हा त्याच सुया, तोच वास. 'सांगितलं होतं' असं सासूबाई कधी म्हणतात, याची मी वाट बघत होते. मला भांडायचं होतं. देवाशी, डॉक्टरांशी भांडून काही होत नाही, सासूशी निदान भांडता येतं. पण त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. नुसत्या रुद्रचे पाय चेपत बसायच्या.

एका सकाळी उशीवर केस दिसले. बारीक, पिल्लाच्या पिसांसारखे. सासूबाईंनी हात पुढे केला, मागे घेतला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

"आई," मी म्हणाले, "तो रुमाल द्या."

त्यांनी पिशवीतून काढून दिला. रुद्र जागा व्हायच्या आत मी एकेक केस वेचायला लागले.