जोडकाडीचं दुसरं टोक

मी जोडकाडी बोलतेय. इंग्रजीत मला हायफन म्हणतात. पण गोंडपिपरीच्या आमच्या शाळेत ते नाव कुणाच्या तोंडी बसलंच नाही. मी सागाची, वीतभर लांब. चोपन्न साली देवाजी गुरुजींनी मला चाकूनं तासून गुळगुळीत केलं, इंग्रजी शिकवायला.

गुरुजींची तऱ्हा न्यारी. वर्गात पोरंच शब्द व्हायची. सुलताना 'वेल', भागीरथा 'नोन' आणि लठ्ठ झिंगू 'डॉक्टर'. वेल-नोन डॉक्टर, म्हणजे नावाजलेला डॉक्टर. दोघी माझं एकेक टोक धरायच्या.

"डॉक्टर मागून यायचा असन तं काडी धरा," गुरुजी सांगत. "आधीच येऊन गेला असन तं सोडा." म्हणजे 'डॉक्टर' हा शब्द पुढं यायचा असेल तर 'वेल' आणि 'नोन' जोडायचे, तो आधीच आला असेल तर सुटे ठेवायचे.

गावात डॉक्टर क्वचितच फिरके, तेव्हा धरून राहणंच पोरींना सोयीचं वाटे. शाळा सुटली तरी त्या मला सोडत नसत. सुलतानाच्या बाजूनं बांगड्या वाजायच्या, भागीरथाच्या हाताला मोहफुलांचा वास असायचा. मला ते दिवस फार आवडायचे. एवढं सुख मला पुन्हा मिळालं नाही.

मग सुलतानाच्या अब्बांनी, नूरुद्दीनभाऊंनी, बांगड्यांचं दुकान चांदा शहरात हलवायचं ठरवलं. शेवटच्या दिवशी ती दप्तर घ्यायला शाळेत आली, तेव्हा धडा चालूच होता. गुरुजींनी तिलाही उभं केलं आणि नेमकं झिंगूला आधी ठेवलं. 'द डॉक्टर इज वेल नोन.' म्हणजे माझं काम संपलं.

भागीरथानं टोक सोडलं नाही.

"सोड नं वो पोरी. डॉक्टर येऊन गेला नं?" गुरुजी म्हणाले.

"गेला तं गेला. मी नाई सोडत."

सुलताना हळूच म्हणाली, "छोड ना, भागी. अब्बा गाडी जुपून राह्यले." आणि तिनं माझं टोक सोडलं.

भागीरथा तशीच उभी. गुरुजी रागावले नाहीत. मला त्यांनी तिलाच देऊन टाकलं.

पुढं तिची शाळा सुटली, लग्न झालं. आता मी तिच्या सासरी दाराच्या कडीत असते. दोन फळ्या जोडून धरते. काम तेच, पण जीव लागत नाही. दार वाजलं की भागीरथा धावत येते, मला एका टोकानं ओढून काढते, बाहेर बघते. शेजारीणच असते.

सुलताना, चांदा काही फार लांब नाही. एकदा येऊन दार वाजव. ती मला हातात घेऊनच दार उघडेल. तू फक्त दुसरं टोक धर. डॉक्टर येवो, नाहीतर येऊन गेलेला असो.