एक कोट, आठ साहेब

एकोणीसशे ब्याऐंशी सालच्या मार्च महिन्यात, एका सोमवारी संध्याकाळी, माईंनी आपल्या नवऱ्याला आरशासमोर उभं केलं आणि म्हणाल्या, "हं, आता हसा."

तात्या हसले.

"हे हसणं झालं? दाढ दुखत असल्यासारखं वाटतंय."

"हसू येण्यासारखं काही घडलं तर हसेल ना माणूस!"

"बावीस वर्षं संसार केलात माझ्याबरोबर. त्यातलंच काहीतरी आठवा."

तात्यांनी आठवून पाहिलं असावं, कारण त्यांचा चेहरा आणखीच गंभीर झाला. दारात उभी असलेली त्यांची सोळा वर्षांची लेक पोट धरून हसत सुटली. "आई, राहू दे गं. बाबांना हसायला लावलं तर फोटोवाला घाबरेल."

"तू गप्प बस. इस्त्री तापली का बघ."

तात्या वजनकाटे तयार करणाऱ्या कारखान्यात टायपिस्ट होते. सगळी पत्रं, परिपत्रकं, नोटिसा त्यांच्याच बोटांखालून जायच्या. आठ दिवसांपूर्वी घरी आल्यावर बुटाच्या नाड्या सोडता सोडता त्यांनी सांगितलं होतं, "मंगळवारी ऑफिसात फोटो आहेत. परदेशच्या गिऱ्हाइकांसाठी मोठा कॅटलॉग काढणार आहेत. आपला कोट लागेल."

त्या काळी फोटो म्हणजे आजच्यासारखं येता जाता काढायचं काम नव्हतं. माणसाचे आयुष्यात मोजून चार-पाच फोटो निघत. तात्यांचे तर दोनच होते. लग्नाच्या फोटोत नेमक्या क्षणी कुणा मामाने हात वर केला होता, त्यामुळे नवरदेवाच्या तोंडाच्या जागी मामाचा पंजा आला होता. दुसरा फोटो कारखान्याच्या ओळखपत्रावरचा. त्याच्या बरोबर नाकावर गोल शिक्का बसला होता. नवऱ्याचा धड चेहरा दिसेल असा एक फोटो घरात असावा, ही माईंची बावीस वर्षांची इच्छा होती. एरवी त्या काही मागणाऱ्यातल्या नव्हत्या. पण हे एक त्यांच्या मनात घर करून बसलं होतं. आणि आता फोटो निघणार होता तोही छापील, परदेशी जाणारा! दोन दिवसांत गल्लीत ही बातमी ठाऊक नाही असं माणूस उरलं नाही.

मग तयारी सुरू झाली. ट्रंकेच्या तळातून लग्नातला काळसर निळा कोट निघाला. डांबरगोळ्यांचा वास जावा म्हणून तो तीन दिवस गॅलरीत लटकला आणि शेजारच्या म्हाताऱ्याने दोनदा त्याला "काय तात्या, आज लवकर?" म्हणून विचारलं. खालचं बटण हरवलं होतं. तसं निळं बटण बाजारभर हिंडून मिळालं नाही, म्हणून माईंनी तपकिरी लावलं. लेकीने मासिकात वाचून बापाच्या डोळ्यांवर काकडीच्या चकत्या ठेवल्या. तात्यांना झोप लागली आणि जागे झाल्यावर एक चकती त्यांनी खाऊनही टाकली. मिशी माईंनी स्वतः हातात घेतली. उजवीकडे थोडी जास्त कापली गेली म्हणून डावीकडे कापली, मग ती कमी वाटली म्हणून पुन्हा उजवीकडे.

"अगं, जरा ऐकतेस का? त्या फोटोचं म्हणजे असं आहे, की…"

"बोलू नका. मिशी वाकडी होईल."

तात्या बोलायचे थांबले. मिशी सरळ झाली, पण निम्मी उरली.

शेवटी माईंनी बूट घासायला घेतले.

"फोटो छातीपर्यंतच येणार आहे," तात्या म्हणाले.

"असू दे. बूट चकचकीत असले की मान आपोआप ताठ राहते."

मंगळवारी सकाळी तात्यांनी कोट वर्तमानपत्रात गुंडाळून काखेत मारला.

"अंगात घालून जा की! लोकांना दिसू दे."

"रस्त्यात चुरगळेल," तात्या म्हणाले आणि मागे न बघता जिना उतरले.

साडेअकराच्या सुमाराला कारखान्याचा म्हातारा शिपाई सायकल दामटत दारात आला. धाप लागलेली. "माई, सुई-दोरा घेऊन चला. कोट उसवला."

"कुठे?"

"पाठीत. मधोमध. वरपासून खालपर्यंत."

"अगं बाई! खोल श्वास घेऊ नका म्हणून शंभरदा बजावलं होतं ह्यांना."

शिपाई काहीतरी सांगणार होता, पण त्याने टोपी काढून डोकं खाजवलं आणि पुन्हा टोपी घातली. माईंनी शिवणाचा डबा घेतला, काळ्या कापडाचा एक तुकडा घेतला आणि चपला पायात सरकवून निघाल्या. कारखाना पायी दहा मिनिटांवर होता. वाटेत त्यांनी तिघांना सांगितलं, "ह्यांचा फोटो चाललाय. कोट उसवलाय जरासा." शिपाई ते ऐकत सायकल हातात धरून बरोबर चालला आणि फाटक आल्यावर पुढे पळाला.

ऑफिसच्या मागच्या खोलीत भिंतीवर पांढरी चादर ताणून बसवली होती. दोन मोठे दिवे होते, एक स्टूल होतं आणि काळ्या कॅमेऱ्यामागे घामाघूम झालेला फोटोवाला. दाराशी चार साहेब केस विंचरत रांगेत उभे. आणि मधोमध मुख्य हिशेबनीस. ह्या माणसाला कारखान्यात सगळे पाठीमागे 'पोतं' म्हणत. दोन्ही हात आडवे पसरून ते काट्याच्या दांडीसारखे उभे होते, आणि त्यांच्या अंगात तात्यांचा कोट होता. पाठीचा भाग दोन्हीकडे फाकून मधून पांढरा सदरा डोकावत होता.

त्यांच्यासमोर तात्या उभे होते. अंगात नुसता शर्ट, हातात आरसा.

माई उंबऱ्यातच थांबल्या. तात्यांनी त्यांना पाहिलं. आरसा हळूहळू कलला आणि हिशेबनिसांना स्वतःच्या चेहऱ्याऐवजी छताचा पंखा दिसू लागला.

"तात्या, आरसा! आरसा सरळ धरा," हिशेबनीस म्हणाले. "आणि ह्या बाईंना सांगा लवकर करायला. हा कोट मला काढताही येत नाहीये."

माईंच्या सगळं लक्षात आलं. कारखान्यात कोट बाळगणारे दोघेच. एक नवे साहेब; पण त्यांची चण इतकी लहान, की त्यांचा कोट इतरांना जाकीट झाला असता. आणि दुसरे तात्या. बोलावणं कोटाला होतं. तात्या हमालासारखे तो घेऊन आले होते. आठ जणांना घालायचा, बटणं लावायची, खांदे झटकायचे, आरसा धरायचा, पुन्हा काढून पुढच्याला घालायचा. खरेदी विभागाचे काडीसारखे साहेब नुकतेच आटोपले होते; त्यांच्यासाठी कोट मागून आवळायला लावलेल्या फायलींच्या क्लिपा अजून कोटाच्या दोन्ही बाजूंना लोंबत होत्या. पुढून राजा, मागून साळिंदर.

माईंनी सुईत दोरा ओवला आणि पुढे झाल्या. "हात खाली घ्या, भाऊसाहेब. श्वास सोडा. आता घेऊ नका."

"कधीपर्यंत?"

"मी सांगेपर्यंत."

काळा तुकडा मध्ये घालून त्यांनी भराभर टाके मारले. हिशेबनीस लालबुंद झाले. फोटोवाल्याने तेवढ्यात दोन फोटो काढून घेतले. कॅटलॉगात पुढे त्यांचा चेहरा सगळ्यांत करारी आला तो म्हणूनच.

दोरा दातांनी तोडून माई तात्यांजवळ आल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "तुमचा नंबर कितवा?"

तात्या बुटांकडे बघत राहिले. दाराशी रांगेतले कंगवे थांबले होते.

"माझा नाहीये," ते म्हणाले. "विभागप्रमुखांचेच आहेत. यादीत आठ नावं आहेत."

"यादी कुणी केली?"

"सांगितली नव्या साहेबांनी. टाईप मी केली."

"तुम्ही?"

"हो."

"मग आणखी एक ओळ मारायला काय फीत संपली होती?"

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. पण तात्या हसले नाहीत, आणि मग तोही गप्प झाला.

"तेवीस वर्षं टाईप करतोय," तात्या म्हणाले. "आपलं नाव कधी टाईप करायची वेळच नाही आली गं. पत्राच्या खाली कोपऱ्यात फक्त आद्याक्षरं घालायची, तीसुद्धा लहान लिपीत."

नवे साहेब पुढे आले. आपला छोटासा कोट त्यांनी ओढून सारखा केला. माणूस वाईट नव्हता, पण नियमाबाहेर पाऊल टाकायचं म्हटलं की त्याला घाम फुटायचा. "बाई, त्याचं काय आहे, कॅटलॉगात चौकटीच आठ आहेत. मी नववा कुठे बसवणार?"

"कॅटलॉगात नकोच आम्हाला," माई म्हणाल्या. "तिकडे परदेशात आमचं कोण बसलंय? मला माझ्या भिंतीपुरता द्या. सकाळपासून आमचा कोट तुमच्याकडे राबतोय, त्याचं भाडं समजा."

साहेबांनी फोटोवाल्याकडे पाहिलं. फोटोवाल्याने कॅमेऱ्यावरचा आकडा पाहिला. "सगळ्यांचे झाल्यावर रोलमध्ये एक उरेल. पण एकच. डोळे मिटले तर मी जबाबदार नाही."

"द्या हो साहेब," कोटातून कसेबसे सुटलेले हिशेबनीस म्हणाले. "आमची थोबाडं कोण बघणार आहे? तात्यांचं तरी बघू दे कुणीतरी."

उरलेले चार जण आटोपेपर्यंत एक वाजला. कॉलरवर कुणाची पावडर होती, काखेत कुणाचा घाम, पाठीला ठिगळ. माई कोट घेऊन तात्यांच्या मागे उभ्या राहिल्या. "घाला."

"नको," तात्या म्हणाले. "त्याचे आठ झालेत सकाळपासून. माझा एकही नाही. मी असाच बसतो."

ते शर्टवरच स्टुलावर बसले. मान ताठ. चेहरा पुन्हा दाढदुखीचा.

"जरा हसा," फोटोवाला म्हणाला.

"अहो, हसा ना," माई म्हणाल्या. कोट कुठे ठेवायचा ते त्यांना सुचेना. जमिनीवर धूळ, खुर्चीवर पावडरीचा डबा. म्हणून त्यांनी तो सरळ आपल्याच अंगात चढवला. बाह्या गुडघ्यांपर्यंत आल्या. खांदे घरंगळले. आणि वळल्या तशा मागच्या क्लिपा खुळखुळ वाजल्या. त्या ध्यानातच त्यांनी कंबरेवर हात ठेवले, म्हणजे बाह्या ठेवल्या, आणि दटावून म्हणाल्या, "ऐकू येत नाही का? हसा म्हटलं ना!"

तात्यांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. मग जे झालं ते माईंनी बावीस वर्षांत फार तर तीन-चारदा पाहिलं असेल. तात्यांचे डोळे आधी हसले, मग गाल, मग उरलीसुरली मिशी.

"अरेरे," फोटोवाला म्हणाला. "दाबलं मी. पण त्यांनी कॅमेऱ्याकडे नाही पाहिलं."

घरी जाताना कोट माईंच्या हातावर होता.

"आधी का नाही सांगितलंत?"

"तू हसायला शिकवत होतीस. मध्येच कसं सांगणार?"

"वाटेत तिघांना सांगत गेले मी. वेड्यासारखी."

"मी ऐकलंय," तात्या म्हणाले. "शिपायाने सांगितलं. म्हणून तर आरसा हलला."

कॅटलॉग छापून परदेशी गेला. सहा महिन्यांनी एका गिऱ्हाइकाचं पत्र आलं. काटे पसंत होतेच, शिवाय तुमच्या सगळ्या अधिकाऱ्यांच्या कोटाला खालचं बटण तपकिरी असतं, ही तुमच्या कारखान्याची परंपरा आहे का, असंही त्यात विचारलं होतं. नव्या साहेबांनी 'होय' असं उत्तर दिलं. ते तात्यांनी टाईप केलं आणि खाली कोपऱ्यात, लहान लिपीत, आपली आद्याक्षरं घातली.

नवे साहेब दोन वर्षांनी दुसऱ्या कारखान्यात गेले, तिथेही ते शेवटपर्यंत नवे साहेबच राहिले म्हणतात. मुख्य हिशेबनिसांना मधुमेह झाला, निम्मे झाले, रस्त्यात भेटले की माईंना म्हणायचे, "वहिनी, आता होईल हो मला तो कोट." ते गेले त्याला वीस वर्षं झाली. म्हातारा शिपाई गावी मुलाकडे गेला, पुढचं काही कळलं नाही. फोटोवाल्याने स्वतःचं दुकान काढलं आणि तात्यांचा फोटो मोठा करून कितीतरी वर्षं काचेत लावला. कुणी तसाच फोटो काढून मागितला, की म्हणायचा, तसा मागून मिळत नाही. लेक विमा कंपनीत लागली, आता मोठ्या हुद्द्यावर आहे, तिचे फोटो सारखे कुठे ना कुठे छापून येतात. कोटाच्या माईंनी उशा केल्या.

तात्या टायपिस्ट म्हणूनच निवृत्त झाले आणि नऊ वर्षांपूर्वी, तीन दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन, गेले. वर्तमानपत्रात द्यायला लेकीने भिंतीवरचा फोटो मागितला तेव्हा माईंनी दिला नाही. ओळखपत्रावरचा दिला, शिक्क्यासकट.

भिंतीवरचा अजून बाहेरच्या खोलीत आहे. नवं माणूस आलं की हमखास त्याच्यापुढे थबकतं. "काकांचा काय छान आलाय हो! पण ते बाजूला कुणाकडे बघून हसताहेत?"

"कुणाकडे कुठे?" माई म्हणतात. "दिव्यांनी डोळे दिपले होते त्यांचे. बसा, चहा टाकते."