लांबमान्या आणि दातऱ्याची झुंज

मित्रांनो, मी एक जुनं हाड आहे. जुनं म्हणजे तुमच्या पणजोबांच्या बैलाचं वगैरे समजू नका. माणूस नावाचा प्राणी जगात यायचाच होता, त्याच्याही फार फार आधीचं. इतक्या काळात माझा दगड झाला आहे, हे खरं. पण कोणी मला नुसतं 'दगड' म्हटलं की मला अजूनही राग येतो. दगड काय, कुठेही पडलेले असतात. मी एका मोठ्या जनावराच्या उजव्या मांडीत होतो, आणि त्याचा सगळा भार पेलत होतो.

ते जनावर झाडपाला खायचं. मान लांबलचक, शेपूटही तशीच, आणि पाय साजाच्या झाडाच्या जाड खोडासारखे. स्वभावाने गरीब. दिवसभर खायचं आणि हळूहळू पुढे सरकायचं, एवढंच त्याला ठाऊक. त्याच रानात मांस खाणारंही एक जनावर होतं. ते आमच्याहून लहान, पण तोंडभर दात. त्याची चाहूल लागली की माझ्या जनावराच्या अंगावर काटा उभा राहायचा आणि मला आतून थरथर जाणवायची.

एका वर्षी पाणी आटलं. रानात एकच डबकं उरलं. आम्ही पाण्याला गेलो तर पलीकडच्या काठावर तो दातवाला उभा. तो आमच्याकडे बघत होता आणि आम्ही त्याच्याकडे. पळायला अंगात त्राण नव्हतं आणि झडप घालायला त्याच्या अंगातही नव्हतं. बराच वेळ कोणीच हललं नाही. शेवटी त्याने मान खाली घातली आणि तो पाणी प्यायला. मग आम्हीही प्यायलो. काही दिवसांनी दोघंही त्याच चिखलात रुतून मेलो. आमची झुंज झालीच नाही, मित्रांनो. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे या झुंजीपायी जे घडलं त्यात मला फार सोसावं लागलं.

त्यानंतर मी किती काळ मातीखाली होतो, ते मला सांगता येणार नाही. जाग आली तेव्हा एका नाल्याने काठ कापून मला उघडं पाडलं होतं. अहेरीच्या दक्षिणेला, जंगलात, एका लहानशा गावाचे दोन टोले, म्हणजे दोन वस्त्या, आहेत. मधून हा नाला जातो. काठावरून मी दोन्ही टोले बघू शकत होतो. इकडे गोंडांची घरं, तिकडे शेती करणाऱ्या बौद्धांची. एका घरावरचा निळा झेंडा मला रोज दिसायचा.

माणसांनी मला लगेच कामाला लावलं. माझ्या पाठीवर कुऱ्हाडींना धार लावू लागले. "या दगडावर धार मस्त येते," असं म्हणत. 'दगड' हा शब्द मी तेवढ्यापुरता गिळायचो, कारण कौतुक कोणाला नको असतं? इकडच्या टोल्यातला दसरू तरुणपणी कोंबड्यांच्या झुंजी लावायचा. झुंजीच्या कोंबड्याच्या पायाला जी लहान सुरी बांधतात, तिला काती म्हणतात. त्या कातीला तो माझ्यावरच धार लावायचा. पुढे त्या खेळावर बंदी आली आणि दसरूनेही तो सोडला. बाजारात कानशी मिळू लागल्यावर कुऱ्हाडवालेही येईनासे झाले. माझ्यावर शेळ्या बसू लागल्या. शेळ्या बसल्या की काय काय करतात, ते मी सांगत नाही.

असे दिवस चालले होते. एका हिवाळ्यात नागपूरहून निशा मॅडम आल्या. त्या जमिनीतली जुनी हाडं शोधणाऱ्या. त्यांनी मला ब्रशने साफ केलं, गुडघे टेकून निरखून पाहिलं आणि चक्क जिभेचं टोक लावून पाहिलं. सगळं गाव हसलं. पण मॅडम म्हणाल्या, "जीभ चिकटते. हे हाड आहे!" त्या क्षणी मला रडू आलं असतं, जर मला डोळे असते तर.

खाली नाल्याच्या कोरड्या पात्रात, माझ्या अगदी पुढ्यात, एक जबड्याचा तुकडा निघाला होता. चार दात अजून त्यात रोवलेले होते. पलीकडच्या टोल्यातल्या लोकेशने तो पहिल्यांदा पाहिला होता. मॅडमनी मोबाईलवर चित्रं दाखवून पोरांना दोन्ही जनावरांची ओळख करून दिली. मग माझ्याभोवती आणि जबड्याभोवती चुन्याचा एकेक गोल आखला. दसरू आता गावात मोठा माणूस. त्या त्याला म्हणाल्या, "दसरूभाऊ, याला कोणी हात लावू द्यायचा नाही. पावसाच्या आधी मी माणसं घेऊन येते. तोवर तुमच्यावर सोपवलं."

दसरूने मान डोलावली. "माह्या जबाबदारीवर सोडा बाई," तो म्हणाला.

त्या दिवसापासून वाद सुरू झाला. शाळा सुटली की पोरं माझ्याभोवती येऊन बसत. दसरूची नात सुकरी माझ्या बाजूची. तिने माझ्या जनावराचं नाव लांबमान्या ठेवलं. लोकेश जबड्याच्या बाजूचा. त्याने त्याचं नाव दातऱ्या ठेवलं.

"लांबमान्या एक लात मारन तं दातऱ्या थेट पल्याड जाऊन पडन," सुकरी म्हणायची.

"लात माराले पाय तं उचलला पायजे. तवरक दातऱ्या गळा फोडन त्याचा," लोकेश म्हणायचा.

"गळा कुठी फोडते? मान झाडाच्या वर राह्यते त्याची!"

"मंग पोट फोडन."

एक दिवसही हा वाद मिटला नाही. हळूहळू हा लांबमान्या आणि दातऱ्याचा वाद राहिला नाही, दोन टोल्यांचा झाला. तिकडची पोरं इकडच्यांना "पालेखाऊ" म्हणू लागली, इकडची त्यांना "दातऱ्ये". मला हे आवडत नव्हतं. मी खरं काय ते सांगितलं असतं, पण हाडाचं कोण ऐकतं?

उन्हाळा आला. तेंदूपत्त्याचा हंगाम लागला. पहाटेच मोठी माणसं पानं तोडायला जंगलात जात आणि गावात पोरंच उरत. अशाच एका सकाळी लोकेश आपली टोळी घेऊन नाला ओलांडून आला.

"रोज रोज बोलून काई होत नाई," तो म्हणाला. "खरी झुंज लावू. तुही मांडी न् माहा जबडा."

"मॅडमनं हात लावाले नाई म्हनलं," सुकरी म्हणाली.

"मॅडमनंच तं गोल आखून देला. झुंजीले गोल लागतेच."

आणि तुम्हाला खरं सांगतो, ही गोष्ट सगळ्यांना पटली. त्या पोरांनी जन्मापासून दसरूकडून झुंजीच्याच गोष्टी ऐकल्या होत्या. गोल आखायचा तो झुंजीसाठी, एवढंच त्यांना माहीत. 'इथे येऊ नका' म्हणूनही कोणी गोल आखतं, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. सुकरीलाही आलं नाही. नियमही दसरूच्याच गोष्टींतले ठरले. गोलातून जो आधी पळेल तो हरला. हरणाऱ्याचा कोंबडा जिंकणाऱ्याच्या घरी जातो, म्हणून जो हरेल त्याचं हाड समोरच्या टोल्यात जाईल.

झुंज कशी? तर काठावरून मला खाली लोटायचं. मी जबडा चिरडला तर लांबमान्या जिंकला. दातांवर पडून मी फुटलो तर दातऱ्या जिंकला.

मित्रांनो, माझी काय अवस्था झाली असेल! दगड होऊन मला कठीणपणा आला, पण लवचिकपणा गेला. मी फुटणार हे मला कळत होतं. त्या बिचाऱ्या जबड्याचा तर भुगाच झाला असता. आणि ज्या सुकरीच्या आजाने शब्द दिला होता, तीच सुकरी घरातून सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेऊन आली.

सब्बल माझ्याखाली गेली. चार-पाच पोरांनी जोर लावला. मी हललो. कोट्यवधी वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी मला हलवलं होतं, आणि मला फार भीती वाटली.

मी काठाच्या टोकाशी आलो. तिथे एका जुन्या झाडाची मुळी वर आली होती, तिला मी टेकलो. खाली लोकेश गोलात उतरला होता. जबडा चपटा, तो सारखा आडवा पडत होता. दात वर राहावेत म्हणून लोकेश गुडघे टेकून त्याला दगडांचा टेकू देत होता.

"झालं का?" वरून सुकरीने विचारलं.

"थांब, थांब जरासी."

तेवढ्यात मुळी कडकडली.

मी पुढे सरकलो. पोरांचे हात सुटले, सगळी ओरडत मागे पळाली. एकटी सुकरी राहिली. तिने सब्बल माझ्यापुढे जमिनीत रोवली आणि अंगाचा सगळा भार तिच्यावर टाकला. सब्बल वाकत नव्हती, पण काठाची माती सुटत होती. मला ते खालून जाणवत होतं.

"लोकेश, सरक!" ती किंचाळली.

लोकेशने वर पाहिलं. मी त्याच्या बरोबर डोक्यावर होतो. त्याचा चेहरा पांढरा पडला. पण तो उठला नाही.

"सरक ना बे! हे खाली येऊन राह्यलं!"

"नाई सरकत. पयला पळन तो हरन. तू मले पळवाले पाहून राह्यली."

"खेळ नाई व्हय आता! आईची शपत!"

"तं तू सोड तुहा दगड मागं!"

मागे कसं सोडणार? तिचे पाय घसरत होते. काठाचं एक ढेकूळ सुटून लोकेशच्या खांद्यावर पडलं, तरी तो तसाच. त्याच्या मागे त्याची सगळी टोळी उभी होती, आणि त्यांच्यासमोर पळायचं म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं. दसरूच्या गोष्टीतला कोंबडाही असाच जागचा हलत नसे.

माझ्यात ताकद असती तर मी उलटा मागे पडलो असतो. ज्या पायाने एवढं मोठं जनावर पेललं, त्याला आज स्वतःलाच सावरता येत नव्हतं. एका पोराचा जीव माझ्या हातून जाणार, हे मला दिसत होतं आणि मी काहीही करू शकत नव्हतो.

सुकरीने डोळे मिटले आणि सगळ्या नाल्यात ऐकू जाईल असं ओरडली, "मी हरली! हरली मी! दातऱ्या जितला! आता तं सरक!"

क्षणभर कोणाला काही कळलं नाही. मग लोकेशने जबडा छातीशी धरला आणि गोलाबाहेर उडी मारली.

सब्बल निसटली. मी कोलांट्या खात खाली गेलो, आणि जिथे लोकेशचे गुडघे टेकले होते, बरोबर त्याच जागी आदळलो. माझं एक टोक तुटून बाजूला पडलं.

 मग लोकेश जवळ आला.  माझ्या तुटलेल्या जागी त्याने वाकून पाहिलं. आत बारीक बारीक छिद्रांची जाळी दिसत होती.

"सुकरी," तो हळूच म्हणाला, "हे तं बकऱ्याच्या हाडावानी हाय आतून. खरंच कोनाचा तरी पाय व्हय."

सुकरी माझ्यापाशी बसून हमसून हमसून रडू लागली.

दुपारी पानांचं ओझं घेऊन दसरू आला. मला खाली पडलेला पाहून त्याने ओझं तिथेच टाकलं.

"कोनाले लागलं का?" हे त्याने पहिल्यांदा विचारलं. कोणालाच लागलं नव्हतं. मग सगळी हकीकत ऐकून त्याने माझं तुटलेलं टोक उचललं. "मॅडमले आता काय तोंड दाखवू?"

मग त्याने विचारलं, "जितलं कोन?"

"सुकरी," लोकेश म्हणाला.

"नाई आजा. मीच हरली म्हनलं."

दसरूने तिला जवळ बसवलं. "लय झुंजी लावल्या म्या," तो म्हणाला. "आपला कोंबडा कटून राह्यला तरी एकाही मालकाच्या तोंडून येळेवर हे निंगालं नाई. माह्याही नाई." आणि त्याने तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

त्या संध्याकाळी दोन्ही टोल्यांची पोरं वाळू सुपाने पाखडत बसली होती. माझा नखाएवढा कणसुद्धा त्यांनी सोडला नाही. दसरूने सगळे तुकडे जुन्या धोतरात बांधून ठेवले. पावसाच्या आधी मॅडम आल्या, तेव्हा ते गाठोडं सुकरीने स्वतः त्यांच्या हातात दिलं आणि काहीही न लपवता सांगितलं. लोकेश तिच्या शेजारी उभा राहिला.

मॅडम खूप रागावल्या. त्यांनी माझ्या तुटलेल्या जागेवरून हात फिरवला तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. मग त्यांनी लोकेशच्या पायांकडे पाहिलं. "ही मांडी मी चिकटवीन," त्या म्हणाल्या. "तुझी मला चिकटवता आली नसती रे."

आता मी एका शेडमध्ये आहे. माझ्यावर पाऊस पडत नाही की शेळ्या बसत नाहीत. जबडा माझ्या शेजारीच ठेवला आहे. शाळांच्या सहली येतात. पोरं आम्हाला बघतात आणि पाचव्या मिनिटाला भांडू लागतात, यांची झुंज झाली असती तर कोण जिंकलं असतं? भांडा बापड्यांनो, खुशाल भांडा. मला आता मजा वाटते.

फक्त माझं एवढं ऐका, मित्रांनो. रानात, नाल्यात माझ्यासारखं कोणी दिसलं तर त्याला हलवू नका, फोडू नका. जिथे आहे तिथेच राहू द्या आणि मोठ्यांना सांगा. आणि कधी खेळ खेळच राहिला नाही, असं वाटलं, तर वाट बघत बसू नका. समोरचा पोरगा जागचा हलणार नाही. त्याला वाचवायचं असेल तर तुम्हालाच, आणि लगेच, हरावं लागेल.